चष्मा काढला आणि ॲपर्चर कळलं

ॲपर्चर म्हणजे लेन्सच्या आतलं उजेड येण्याचं भोक, आणि त्याचा छोटा आकडा म्हणजे मोठं भोक, मोठा आकडा म्हणजे छोटं भोक, हे वाक्य मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. यूट्यूबवर ॲपर्चरवर ढिगाने व्हिडिओ आहेत आणि मी पाहिलेले जवळजवळ सगळे तिथूनच सुरू होतात. मग तो गोल भोकांचा तक्ता येतो, एफ १.४ पासून एफ २२ पर्यंत, आणि मग एका मुलीचे दोन फोटो, एकात मागचं सगळं धूसर आणि दुसऱ्यात मागची झाडं स्पष्ट. आपण मान डोलवायची आणि पुढचा व्हिडिओ लावायचा. पण भोक लहान केलं की उजेड कमी येणार हे कळतं हो, भोक लहान केल्यावर मागची झाडं स्पष्ट का व्हावीत? भोकाचा आणि झाडांचा संबंध काय? हे सांगायला जे कुणी जातात ते लगेच किरणांची आकृती काढतात, आणि किरणांची आकृती दिसली की माझं डोकं दहावीपासून बंद पडतं ते आजपर्यंत.

कॅमेरा माझ्याकडे आला तो भाच्यामुळे. तो शिकायला बाहेर गेला आणि त्याचा कॅनन ७०० डी आमच्याकडे ठेवून गेला, सोबत १८-५५ एमएमची, कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती नेहमीची किट लेन्स. "मावशी वापर गं, नुसता पडून राहिला तर बुरशी लागेल." ठाण्यातला पावसाळा ज्याने कपाटातल्या चामड्याच्या पर्सवर बघितलाय त्याला ही भीती वेगळी सांगायला नको. मी नौपाड्यात राहते, ऑफिस ऐरोलीला, त्यामुळे फोटो काढायचे ते शनिवार-रविवारी नाहीतर सकाळी ऑफिसच्या आधी. नंतर फोर्टात बोरा बाजारच्या गल्लीत जाऊन ५० एमएम एफ १.८ घेतली, कारण सगळे म्हणतात ही घ्या. स्वस्त आहे, चांगली आहे, आणि मागचं छान धूसर होतं, त्यात काही खोटं नाही.

पण खरं शिकणं सुरू झालं ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांमुळे. काकांनी रोलच्या जमान्यात ठाणे-कल्याण पट्ट्यात लग्नाचे फोटो काढून संसार केला. आता गुडघे दुखतात म्हणून कुठे जात नाहीत, पण कपाटात एका स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून निकॉनचा एफएम २ आणि त्याची ५० ची लेन्स अजून ठेवलीय. मी माझी लेन्स दाखवायला गेले तर त्यांनी ती उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "अगं पण रिंग कुठाय हिला?"

ॲपर्चरची रिंग. नव्या लेन्सला ती नसते, सगळं कॅमेऱ्याच्या चाकावरून. शिवाय माझी लेन्स कॅमेऱ्यातून काढली की भोक सताड उघडंच राहतं, म्हणजे आत काय होतं ते बघायची सोयच नाही. काकांनी त्यांची लेन्स काढून ट्यूबलाइटकडे धरली आणि रिंग फिरवली. टक, टक, टक. आतल्या काळ्या पात्या एकमेकींवर सरकत सरकत आत येतात आणि मधलं भोक बारीक होत जातं, सात पात्या, त्यामुळे भोक गोल नाही, सात कोनांचं. मी लहान मुलीसारखी ती रिंग पुढेमागे करत बसले. रिंगवरचे आकडे १.८, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. मी विचारलं काका ८ च्या पुढे १६ का नाही, मध्येच हे ११ कुठून आलं? तर त्यांनी फूटपट्टी आणायला लावली.

एफ ८ म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवरचा ५० एमएमसारखा आकडा) भागिले ८. ५० भागिले ८, सव्वासहा मिलिमीटरचं भोक. एफ १.८ म्हणजे ५० भागिले १.८, जवळजवळ २८ मिलिमीटर. एफ १६ म्हणजे तीन मिलिमीटर. आकडा भागाकारात खाली बसलाय, म्हणून मोठा आकडा छोटं भोक, झालं, एवढंच होतं ते. आणि उजेड येतो तो भोकाच्या क्षेत्रफळातून, रुंदीतून नाही. रुंदी अर्धी केली तर उजेड चौथाई होतो. उजेड बरोबर निम्मा करायचा तर रुंदीला १.४ ने भागायचं, म्हणून ४, ५.६, ८, ११, १६, दरवेळी १.४ पट. एक टक म्हणजे उजेड निम्मा (फक्त पहिली टक, १.८ ते २.८, जरा जास्तीची आहे). काका म्हणाले आम्हाला हे पाठ करायला लागलंच नाही, बोटाला माहीत असायचं. कडक उन्हात एफ १६ आणि शटर (उजेड आत येऊ द्यायचा वेळ) फिल्मच्या एएसएच्या, म्हणजे ती उजेड किती चटकन धरते त्या आकड्याच्या, आसपास, शंभरच्या रोलला १२५, म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग, उजेड मोजायचा मीटर नसला तरी चालायचं.

पण हे सगळं उजेडाचं झालं. माझा मूळ प्रश्न तसाच होता, तो मी परत काढला. मागची झाडं का स्पष्ट होतात?

काका म्हणाले, "चष्मा काढ."

माझा नंबर मायनस तीन आहे. चष्मा काढला की एक फुटाच्या पलीकडचं जग पुसट. समोरच्या भिंतीवर कालनिर्णय होतं, त्यातल्या तारखांच्या जागी मला फक्त लालकाळे डाग दिसत होते. काकांनी एका जुन्या व्हिजिटिंग कार्डाला टाचणीने भोक पाडलं, टाचणी जरा फिरवून थोडं मोठं केलं, आणि म्हणाले हे डोळ्याला लाव आणि यातून बघ. बघितलं. तारखा दिसायला लागल्या! अंधारं दिसत होतं, खालची बारीक अक्षरातली तिथी वगैरे नाही वाचता आली, पण १७, १८, १९ हे आकडे चक्क आकड्यांसारखे. काच नाही, भिंग नाही, नुसतं कार्डाला भोक. ज्यांना मायनसचा नंबर आहे त्यांनी हे वाचता वाचता करून बघा, कार्ड नसेल तर मूठ आवळून करंगळीच्या बाजूला बारीक फट ठेवा आणि त्यातून बघा.

आणि मग मला एकदम आठवलं की हे तर मी रोज करते. ठाणे स्टेशनवर पुलावरून उतरताना चष्म्यावर पावसाचे थेंब असतात तेव्हा चष्मा काढून डोळे बारीक करून इंडिकेटर वाचायचा, पनवेल आहे की वाशी. डोळे बारीक केले की भोक लहान होतं! आणि रात्री चष्मा काढला की तलावपाळीच्या पलीकडचे दिवे बुंदीच्या लाडवाएवढे दिसतात, दुपारी मात्र तेवढं धूसर नसतं, कारण अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. म्हणजे माझ्या डोळ्यांना एफ १.८ आणि एफ ८ लहानपणापासून माहीत होते, मलाच माहीत नव्हतं.

आता आकृती न काढता सांगते. समोरच्या कुठल्याही एका ठिपक्यातून निघालेला उजेड लेन्सच्या अख्ख्या भोकातून आत येतो आणि निमुळता होत होत मागे एका ठिकाणी परत ठिपका बनतो. जी वस्तू फोकसमध्ये आहे तिचा ठिपका बरोबर सेन्सरवर (रोलच्या जमान्यात जिथे फिल्म असायची तिथे) पडतो. जी पुढे किंवा मागे आहे तिचा ठिपका सेन्सरच्या मागे किंवा पुढे बनतो, त्यामुळे सेन्सरवर पडते ती ठिपक्याऐवजी चकती. अशा हजारो चकत्या एकमेकींवर चढल्या की त्यालाच आपण धूसर म्हणतो. आणि चकती केवढी, तर भोक जेवढं रुंद त्या प्रमाणात. भोक २८ मिलिमीटरचं असेल तर उजेडाचा शंकू जाडजूड, जरा इकडेतिकडे झालं की मोठी चकती. भोक तीन मिलिमीटरचं असेल तर शंकू सडपातळ, फोकस बराच हुकला तरी चकती इतकी बारीक की डोळा तिला ठिपकाच समजतो. झाडं स्पष्ट होतात असं जे आपण म्हणतो ते खरं तर झाडांच्या चकत्या बारीक होतात.

म्हणजे फोकस खरा एकाच अंतरावर असतो, एका पातळ पापुद्र्यावर. त्याच्या पुढेमागे जिथवर चकती डोळ्याला ठिपका वाटते तिथवर डेप्थ ऑफ फील्ड. तिथे भिंत नाहीये, की इथपर्यंत शार्प आणि पुढे बंद. हळूहळू बिघडत जातं आणि डोळा कधी हरकत घेईल तिथे आपण रेघ मारायची. हे कळल्यावर अजून एक गोष्ट सुटली, मोबाईलच्या स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो १२ बाय १८ ची प्रिंट काढल्यावर कानाजवळ मऊ का दिसतो. फोटो मोठा झाला, चकत्याही मोठ्या झाल्या, डोळ्याने हरकत घेतली. फोटो तोच, डेप्थ कमी.

हे सगळं ऐकून पटलं तरी मला मोजून बघायचं होतं, स्वभाव आहे. गॅलरीत फरशीवर शिंप्याची टेप अंथरली, दोन्ही टोकांना डबे ठेवले (सुटली की गुंडाळून यायची), कॅमेरा पुस्तकांच्या चवडीवर ठेवून टेपच्या रेषेत तिरका लावला, ५० ची लेन्स, आणि बरोबर एक मीटरवर फोकस. मग एफ १.८, ४, ८, १६ असे फोटो. लेक लॅपटॉपवर फोटो मोठे करून वाचत होती आणि मी वहीत लिहीत होते. "अठ्ठ्याण्णव वाचता येतंय?" "येतंय पण डोळे दुखतायत." "मग नाही लिहिते." एफ १.८ ला ९८-९९ ते १०१ च्या थोडं पुढे, म्हणजे उणीपुरी तीन सेंटीमीटर. तीन! माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंत एवढं अंतर सहज असतं, एक मीटरवरून चेहरा काढला तर एक डोळा शार्प आणि नाक गेलं असं होणारच, कॅमेऱ्याचा काही दोष नाही. एफ ८ ला ९४ ते १०७. एफ १६ ला ८९ ते ११५ च्या आसपास. टेप तिरकी असल्याने एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे धरा, पण नंतर मोबाईलवरच्या डेप्थ ऑफ फील्डच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघितलं तर जवळपास हेच आकडे आले, मला फार आनंद झाला.

मग एफ १.८ तसाच ठेवून कॅमेरा दोन मीटरवर नेला. अंतर दुप्पट, तर डेप्थ दुप्पट होईल असं वाटतं ना? तीनची एकदम अकरा-साडेअकरा सेंटीमीटर झाली, चौपट. हे मला ॲपर्चरपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं. १.८ वरून ८ वर जायला सव्वाचार टक लागतात, उजेड विसावा हिस्सा उरतो, शटर मंद होतं नाहीतर आयएसओ (काकांच्या एएसएचा आताचा अवतार) चढवायला लागतो, आणि तेवढं सगळं करून डेप्थ वाढते साडेचार पट. जवळजवळ तेवढीच वाढ नुसतं एक मीटर मागे सरकून मिळते. चेहरा फ्रेममध्ये लहान होतो हे खरं, पण फोटो नंतर कडांनी कापता येतो की. (कापून परत मोठा केला की चकत्याही मोठ्या होतात, म्हणजे सगळा नफा हातात राहत नाही, पण बराच राहतो.) आणि अजून एक, फोकसच्या पुढे एक भाग आणि मागे दोन भाग शार्प असतात असं सगळीकडे छापलेलं असतं, माझ्या टेपवर एफ ८ ला पुढे सहा आणि मागे सात निघाले. जवळच्या अंतरावर अर्धंअर्धंच असतं, लांब गेलं की मागचा भाग वाढत जातो, एकास दोन हे मध्ये कुठेतरी एकाच अंतरावर खरं होतं. हा नियम आंधळेपणाने वापरू नका.

व्ह्यूफाइंडरबद्दल थोडक्यात. डीएसएलआरमध्ये, म्हणजे माझ्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात, डोळा लावून बघतो तेव्हा भोक कायम सताड उघडं असतं, तुम्ही एफ ११ लावा नाहीतर २२, फोटो निघायच्या क्षणीच पात्या मिटतात. ७०० डी ला लेन्सच्या शेजारी एक छोटं बटण आहे, ते दाबलं की पात्या आधीच मिटतात आणि फाइंडर अंधारतो, त्या अंधारात नीट बघितलं तर मागचं स्पष्ट होताना दिसतं. भाच्याला ते बटण कशाचं आहे हेच माहीत नव्हतं. आणि उलटी गंमत, आताच्या फाइंडरची काच अशी असते की साधारण एफ २.८ पेक्षा उथळ डेप्थ ती दाखवूच शकत नाही, त्यामुळे एफ १.८ ला फाइंडरमध्ये दोन्ही डोळे शार्प दिसतात आणि फोटोत एकच. यावर उपाय म्हणजे लाइव्ह व्ह्यू लावून स्क्रीनवर मोठं करून बघणं.

इथपर्यंत घरातलं झालं. बाहेर पडल्यावर वेगळाच गोंधळ सुरू झाला आणि तो उपवनला सुटला.

किट लेन्सवर लिहिलेलं असतं ३.५-५.६. म्हणजे १८ एमएमला एफ ३.५ पर्यंत उघडते आणि ५५ ला फक्त ५.६ पर्यंत. मग मागचं धूसर हवं असेल तर १८ ला ३.५ लावावं, छोटा आकडा ना? उपवन तलावाच्या काठावर लेकीला उभं केलं, मागे पाणी आणि येऊरचा डोंगर. आधी १८ ला तिच्या अगदी जवळ जाऊन, मग ५५ ला तिप्पट मागे सरकून, म्हणजे ती फ्रेममध्ये तेवढीच दिसेल असं. ३.५ च्या फोटोत डोंगर बऱ्यापैकी ओळखू येत होता, पलीकडच्या काठावरची माणसंसुद्धा मोजता आली असती. ५.६ च्या फोटोत डोंगर मोठा आणि मऊ, नुसता हिरवा. आकडा मोठा असून!

घरी येऊन भागाकार केला. १८ भागिले ३.५ म्हणजे पाच मिलिमीटर. ५५ भागिले ५.६ म्हणजे जवळजवळ दहा मिलिमीटर. भोकच दुप्पट रुंद! लांबच्या चकत्या केवढ्या होणार हे त्या मिलिमीटरवर ठरतं, आकडा नुसता भागाकार करून आलेला. आणि गंमत म्हणजे कॅल्क्युलेटरमध्ये बघितलं तर खरी डेप्थ ऑफ फील्ड ५५ ला जास्त होती, सत्तरएक सेंटीमीटर, आणि १८ ला पंचेचाळीसएक. म्हणजे लेक कानापासून ओढणीपर्यंत ५५ वर जास्त शार्प आणि तरी मागचा डोंगर जास्त विरघळलेला. कुठपासून कुठपर्यंत शार्प हा एक प्रश्न, आणि खूप मागचं किती विरघळलं हा दुसरा, आणि मी इतके दिवस दोन्ही एकाच शब्दात कोंबत होते. माझ्या मते ॲपर्चर शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हे दोन प्रश्न वेगळे करून सांगायला हवेत, तो भोकांचा तक्ता नंतर दाखवला तरी चालेल.

मोबाईलचंही कोडं यातच सुटलं. लेकीच्या फोनवर एफ १.८ लिहिलंय, मग माझ्या ५० सारखं धूसर का नाही होत? कारण फोनच्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ पाच-सहा मिलिमीटर, भागिले १.८, भोक तीन मिलिमीटर. माझ्या ५० चं एफ १६. फोनमध्ये सगळं शार्पच येणार, पोर्ट्रेट मोडला मागचं धूसर होतं ते हिशोब करून केलेलं असतं. चालतं बऱ्याचदा, पण नथीचे मोती आणि फेट्याचा तुरा दिसला की तो हिशोब गडबडतो.

फेट्यावरून आठवलं, पाडव्याची शोभायात्रा. गुढीपाडव्याला सकाळी कौपिनेश्वर ते गोखले रोड हा सगळा भाग नुसता रांगोळ्या, ढोल, नऊवारीतल्या बायका बुलेटवर, फोटोग्राफर तर इतके की एकमेकांच्याच फोटोत येतात. मी ५० लावून एफ १.८ वर काढत सुटले, बुलेटवरची एक बाई, गॉगल, नथ, मागे सगळं मऊ केशरी. काकांना दाखवला. "छान आलाय," म्हणाले, "कुठला हा? डोंबिवली?"

मुद्दाम बोलले, पण बरोबर बोलले. मागे राम मारुती रोड होता, गॅलरीतून वाकून बघणारी आजी होती, कुणाच्या तरी दारात उभारलेली गुढी होती, ते सगळं मी २८ मिलिमीटरच्या भोकात घालवलं होतं. लग्नात रिसेप्शनच्या स्टेजवर काका काय करायचे ते त्यांनी मग सांगितलं. एफ ८, फोकस तीन मीटरवर ठेवून द्यायचा आणि त्याला हातच लावायचा नाही. त्यांच्या लेन्सवर त्यासाठी रंगीत रेघा आहेत, एफ ८ चा आकडा ज्या रंगात तशाच रंगाच्या दोन रेघा अंतराच्या पट्टीशेजारी, त्या दोन रेघांच्या मध्ये जी अंतरं येतात तेवढं शार्प. तीन मीटरवर ठेवलं की अडीच ते चार मीटर पक्कं. पाहुणे येतात, आहेर देतात, हसतात, फ्लॅश, पुढचे या. फोकस करत बसलो असतो तर पंगत उठली असती म्हणाले.

माझ्या किट लेन्सवर असल्या रेघा नाहीत, अंतराची पट्टीच नाही. पण २४ एमएमला एफ ८ लावून तीन मीटरवरच्या माणसावर ऑटोफोकस करायचा आणि लेन्सवरचं बटण एमएफवर (हाताने फोकस) सरकवायचं, की पावणेदोन मीटरपासून पार पंधरा-सोळा मीटरपर्यंत चालतं. रिंगला धक्का लागू द्यायचा नाही एवढंच. पुढच्या पाडव्याला हेच केलं, शटर पाचशेच्या आसपास, आणि कॅमेरा छातीशी धरूनसुद्धा काढले. एका फोटोत पुढे लेझीमवाली मुलगी, तिच्या मागे तिचं पथक, त्यामागे दुकानाच्या पायरीवर बसून चहा पिणारा ढोलवाला, ढोल मांडीवर, सगळे जागच्या जागी ओळखू येतायत. सोसायटीच्या गणपतीत ग्रुप फोटोला पण हाच हिशोब, २४ एमएम, एफ ५.६, चार मीटरवर मधल्या रांगेवर फोकस, खुर्चीवरच्या आजोबांपासून मखरापर्यंत सगळं येतं, आयएसओ १६०० झाला तर होऊ दे, थोडी दाणेदार आजी परवडते, धूसर आजी नाही.

म्हणून १.८ वाईट असं मी म्हणत नाहीये. रात्री तलावपाळीला पाण्यापलीकडच्या दिव्यांच्या चकत्या करायला त्याच्यासारखं काही नाही. त्याच जागी ट्रायपॉड लावून एफ १६ ला काही सेकंदांचा फोटो काढा, तर त्याच दिव्यांना किरणं फुटतात, मोजली तर एकेका दिव्याला चौदा. माझ्या ५० लाही सातच पात्या आहेत, आणि पात्या विषम असल्या की किरणं दुप्पट, सम असल्या की जेवढ्या पात्या तेवढीच किरणं. एफ २२ मात्र मी सोडून दिलंय. गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगचे फोटो ८, ११, १६, २२ असे काढून ग्रिलचे गज बघितले, ८ ला कडक, ११ ला ठीक, १६ ला जरा मऊ आणि २२ ला सगळंच मऊ, फोकसमधलं पण. भोक फार बारीक झालं की उजेडच कडांवरून पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात, आणि लेन्स कितीही महागाची आणली तरी ते चुकत नाही.

शेवटची भर फ्लेमिंगोंची. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ मध्ये घोषित झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत पण गेला, आणि माझं ऑफिस ऐरोलीलाच असून मी तिथल्या बोटीत पहिल्यांदा बसले ते कॅमेरा हातात आल्यावर. बोट भरती-ओहोटीच्या वेळेवर सुटते, त्यामुळे उजेड कसा मिळेल ते आपल्या हातात नाही. ऑफिसातल्या एकीची ५५-२५० नेली होती. २५० ला ती एफ ५.६ पर्यंतच उघडते, किरकोळ आकडा वाटतो, पण २५० भागिले ५.६ करा, ४५ मिलिमीटर! माझ्या १.८ पेक्षा कितीतरी मोठं भोक. चाळीसएक मीटरवरच्या थव्यावर फोकस केला तर शार्प पट्टा सहाएक मीटरचा, पुढची रांग पिसं मोजावीत अशी आणि मागचे सगळे गुलाबी ढग. एफ ११ ला पट्टा अकरा-साडेअकरा मीटर होतो, पण बोट हलत असते, शटर हजारच्या खाली आणवत नाही, आणि मग आयएसओ इतका चढतो की पिसं उरत नाहीत. एका पक्ष्याचा फोटो हवा असेल तर ५.६, थवा हवा असेल तर ८ आणि फोकस पहिल्या रांगेवर न करता दुसऱ्या-तिसऱ्या रांगेवर, इतकं सध्या ठरलंय. येत्या हंगामात नेरूळला काठावरून, ट्रायपॉड लावून, एफ ११ ला शटर किती खाली आणता येतं ते बघायचंय. बोटीसारखं हलणार नाही, पण फ्लेमिंगो डोकं सतत हलवत चरतात, त्यामुळे अडीचशेच्या खाली काही मिळेल असं वाटत नाही.